‘येते’ म्हणायची चोरी

ही गोष्ट सांगायची नाही, असं मला बजावून ठेवलं आहे. निदान कुणी गावाला निघायच्या गडबडीत असताना तर नाहीच. ऐकणाऱ्याचा पाय मग उंबऱ्यातून निघत नाही, असं आत्या म्हणते. पण बैल अजून जुंपायचे आहेत आणि तुम्ही समोर बसला आहात. तेव्हा हळू आवाजात सांगते.

एका राज्यात बोलण्याची जुनी रीत होती. निघणारा ‘जातो’ म्हणत नसे, ‘येतो’ म्हणे. निरोप देणारा म्हणे, ‘या.’ नारळ फोडायचा असला तर ‘वाढवा’ म्हणत. संध्याकाळी कुलूप लावताना वाणी म्हणे, ‘दुकान वाढवतो.’ आणि लेकीवर फारच माया आली की आई म्हणे, ‘मेले, जेवलीस का?’ सगळ्यांना सगळं कळे. किती सोपे दिवस होते ते!

एकदा डोंगरांपलीकडून ताम्रजिव्ह नावाचा मांत्रिक राजा भद्रसेनाच्या दरबारी पाहुणा आला. तो राज्याची भाषा शिकला, पण रीत शिकला नाही. निघताना म्हणाला, “राजा, मी जातो.”

राजा हसून म्हणाला, “या.”

मांत्रिक माघारी आला. “काय आज्ञा?”

“काही नाही. या.”

तो दारापर्यंत गेला आणि पुन्हा वळून आला. दरबारात खसखस पिकली. तिसऱ्यांदा ‘या’ म्हणताना राजाने हातही हलवला, तळवा खाली, बोटं आपल्याकडे. पुन्हा या, अशा अर्थाने. पण मांत्रिकाच्या देशात तसा हात कुत्रं हाकलायला हलवतात.

“तोंडाने ये आणि हाताने हाड!” मांत्रिक कडाडला. “तुमच्या शब्दाला अर्थ नाही. आजपासून या राज्याची माणसं जे बोलतील तेच होईल. अक्षर न् अक्षर!”

तसंच झालं. देवळात पुजारी म्हणाला, “नारळ वाढवा,” तर नारळ एवढा वाढला की देवळाचं दार अडलं. वाण्याचं दुकान वाढत वाढत समोरच्या सोनाराच्या माजघरात शिरलं. कुणी ‘येते’ म्हणून निघालं की पावलं आपोआप माघारी वळत, म्हणून लोक ‘जाते’ म्हणू लागले. तो शब्द ऐकून उंबऱ्यावरची माणसं मान खाली घालत. आयांनी तर बोलणंच सोडलं. ‘मेले’ ओठांवर आलं की त्या दोन्ही हातांनी तोंड दाबून धरत.

एके सकाळी राजकन्या शलाका तळ्यातली कमळं काढून घरी आली. नवा शालू चिखलाने भरला होता. राणी पद्मगंधेच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, “पुन्हा मला तोंड दाखवू नकोस!”

त्या क्षणापासून राणीला लेकीचे हात दिसत, वेणी दिसे, पण चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. राणी तिच्या गालांवरून बोटं फिरवी आणि विचारी, “आत्ता हसतेस की रडतेस?”

“हसते आहे,” शलाका म्हणे. आणि म्हटलं की हसावंच लागे.

मग ती जाऊन साळुंकीच्या पिंजऱ्यापाशी बसे. साळुंकीला जुनं सगळं पाठ होतं. ती राणीच्याच आवाजात म्हणे, “मेले, जेवलीस का?” पक्ष्याला अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून त्याच्या शब्दाला शापही बाधत नव्हता. शलाका तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐके.

शेवटी तिने साळुंकीला खांद्यावर घेतलं आणि लवंगा-वेलचीची पुरचुंडी कनवटीला खोचली. उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, “आई, जाते.”

राणीने भिंतीकडे तोंड केलं.

डोंगर ओलांडून शलाका ताम्रजिव्हाच्या गुहेशी पोहोचली. गुहेत एक पाट मांडलेला होता. दुसरा भिंतीला टेकवून ठेवलेला होता, कोरा करकरीत.

“शाप मागे घ्या, महाराज. माझ्या आईला माझा चेहरा दिसत नाही.”

“तीन कामं कर, मग पाहू. पहिली दोन न बोलता. माझी गाय दूध देत नाही.”

गाय सारखी मान वळवून एका खडकाकडे पाहत होती. शलाका खडकामागे गेली. तिथे वासरू बांधलेलं होतं. तिने ते सोडून गायीपुढे आणलं. गायीला पान्हा फुटला.

“माझा द्वारपाल मुका राक्षस आहे. सगळ्यांवर दात खातो. त्याला शांत कर.”

शलाकेने पाहिलं, राक्षसाचा एक हात सारखा गालावर होता. तिने पुरचुंडीतली लवंग काढून पुढे केली. राक्षसाने ती दाढेखाली धरली आणि थोड्या वेळाने मांजरासारखा पसरून घोरू लागला.

“डोळे चांगले आहेत तुझे,” मांत्रिक म्हणाला. “आता तिसरं. तुझ्या बापाने माझी थट्टा का केली, ते सांग. शब्द वापर हवे तेवढे.”

शलाकेने ओळखलं, ‘थट्टा केली नाही’ असं कितीही सांगितलं तरी याला ते शब्दच वाटणार होते. तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “येते.”

ती दाराकडे निघाली तशी पावलं गर्रकन वळली. ती मांत्रिकासमोर येऊन उभी राहिली.

“येते,” ती पुन्हा म्हणाली. पुन्हा वळली. तिसऱ्यांदा तर पाय इतके झटक्याने फिरले की ती साळुंकीसकट त्या कोऱ्या पाटावर जाऊन बसली. साळुंकी ओरडली, “मेले!”

मांत्रिक हसला. पोट धरून हसला. आणि एकदम थांबला.

“मला का हसताय?” शलाकेने विचारलं. “राग आलाय माझा?”

“छे. उलट...” तो स्वतःच्याच हसण्याकडे कान देऊन बसला. मग हळूच म्हणाला, “दरबार असाच हसला होता?”

“असाच. आमच्याकडे जाते म्हणत नाहीत, महाराज. जाते म्हटलं की मागे राहिलेल्यांना घर खायला उठतं. येते म्हटलं की त्यांना वाट पाहता येते.”

“आणि या?”

“म्हणजे पुन्हा या.”

“तो हातसुद्धा?”

“तो हातसुद्धा.”

मांत्रिकाने त्या कोऱ्या पाटाकडे पाहिलं. “माझ्या दारातून निघताना कुणी येते म्हटलं नव्हतं,” तो म्हणाला. शलाका उठली, दारात गेली आणि म्हणाली, “येते हं.”

तळवा खाली, बोटं आपल्याकडे, असा त्याने हात हलवला. “बरं,” तो म्हणाला. “या.”

आणि शलाकेची पावलं पुढे पडली. तिकडे देवळातला नारळ लहान झाला, दुकान सोनाराच्या माजघरातून बाहेर सरकलं.

राणी उंबऱ्यावरच बसली होती. तिने मान वर केली. लेकीचं नाक दिसलं, उन्हाने रापलेलं कपाळ दिसलं, डोळे दिसले. राणीने तिला ओढून घेतलं, पाठीत एक धपाटा घातला आणि रडत रडत म्हणाली, “मेले, कुठे उलथली होतीस? किती वाळलीस!”

शलाका ऐकत राहिली. सगळं कळत होतं.

आणि पुढच्या वर्षी मांत्रिक खरंच आला, तेव्हा राजाने त्याच्यासाठी जो पाट...

“अगं चिंगे! गाडी निघाली!”

आले, आले! बघा, अजून उठलेसुद्धा नाही आणि आले म्हणतेय. बरं, मी जा... छे, येते!