हातबांध्या कातळ

शके १८२१ची वैशाख वद्य पंचमी, भर उन्हाळा. पठारावरचा हा कातळ आधीही होता, पण हातबांध्या हे नाव त्याला त्या दिवसामुळे पडले.

गावात तेव्हा सात मुले जन्मापासून बहिरी होती. घरच्यांना सहा खुणा येत: जेव, ये, जा, नीज, काम कर, गप्प. तेवढ्या पुरेत, असे गावाला वाटे. मुलांना शेळ्यांमागे पठारावर धाडत. तिथे त्यांनी आपली बोली उभी केली, असे सांगतात. थोरल्यांच्या खुणा सुट्या होत्या, धाकट्यांनी त्या जोडल्या. माणसाला हवेत एक जागा दिली, की पुढे त्या जागेकडे नुसता हात गेला तरी तोच माणूस. झालेले ते खांद्यामागे, व्हायचे ते छातीपुढे. शिकवले कोणी नाही. आठ वर्षांची चंद्री त्यांत सर्वांत धाकटी, आणि बोलायला सर्वांत चपळ.

त्या दिवशी गावसभा भरली होती. चंद्री पठारावरून धावत आली आणि पाटलांसमोर भराभर हात चालवू लागली. वणवा कुठून येतो आहे, वारा त्याला कुठे नेतो आहे, तिचा भाऊ गोंदा कोंडलेल्या शेळ्या सोडायला आत शिरला आहे, सगळे तिने सांगितले म्हणे. हे मागाहून कळले.

"पोरीच्या हातांवर माश्या बसल्यात," कोणीतरी म्हणाले. सभा हसली.

पाटील म्हणाले, "सभेत माकडचेष्टा नकोत. बांधा हिचे हात."

उपरणे त्यांनी स्वतःचेच दिले.

धूर दिसला तेव्हा माणसे धावली. शेळ्या वाचल्या होत्या. गोंदा नाही. चंद्रीचे हात सोडायचेही कोणाला सुचले नव्हते.

ते पाटील माझे पणजोबा.

वहिवाट त्यांनीच घातली. दर वर्षी त्या पंचमीला आमच्या घरातल्या थोरल्याने या कातळावर त्याच उपरण्याने हात बांधून बसायचे. गावातल्या बहिऱ्यांनी ते सोडायचे. मग त्याने ही हकिकत त्यांच्या बोलीत सांगायची. अडला, तर सूर्यास्तापर्यंत पुन्हा बांधायचे. पणजोबा अडले, आजोबा अडले, वडीलही. बोली कोणी शिकलेच नाही. बांधून घेणे सोपे होते. मीही तीस वर्षे बांधूनच घेतले.

शेवटी अनसूयाबाईकडे गेलो. ती चंद्रीच्या भावकीतली, जन्मापासून बहिरी. तिने दोन वर्षे शिकवले. माझी बोटे पाहून हाताने विचारी, "पाटील, बोलताय की लाकडं फोडताय?"

आजही त्या पंचमीला गाव इथे जमते. गेल्या वैशाखात अनसूयाबाईने माझे हात सोडले. मी गोंदाला डावीकडे जागा दिली, चंद्रीला उजवीकडे, पणजोबांना समोर. शेवटपर्यंत सांगितले. अडलो नाही.

तिने उपरण्याची घडी केली आणि माझ्या हातात दिली.