मेलेला गडी

एक वृद्ध वस्ताद नदीकाठच्या गावी तरुणांना हुतूतू शिकवीत असत. मल्हारी हा त्यांचा सर्वांत तरबेज शिष्य, आणि सोपान हा मल्हारीचा जिवाभावाचा सोबती. दोघे लहानपणापासून एका ताटात जेवलेले. पण एका सामन्यात साखळी धरलेली असताना सोपानचा हात सुटला, समोरचा गडी निसटला आणि हातातला डाव गेला. तेव्हापासून मल्हारीने त्याच्याशी बोलणेच टाकले.

जत्रेतल्या सामन्याच्या आदल्या दिवशी तो वस्तादांकडे आला.

"गुरुजी, त्याला संघातून काढा. सोपान मला मेला!"

"मेला म्हणतोस? बरं," वस्ताद शांतपणे म्हणाले. "उद्याचा खेळ होऊ दे, मग काढू."

दुसऱ्या दिवशी पहिलीच चढाई मल्हारीची. रागाच्या भरात तो फार खोल शिरला आणि सात जणांच्या विळख्यात त्याचा दम तुटला. "मेला, मेला!" लोक ओरडले. हुतूतूत बाद झालेल्या गड्याला मेला असेच म्हणतात. तो रेषेबाहेर जाऊन बसला. मग एकेक करीत बाकीचेही त्याच्या शेजारी येऊन बसले. मैदानात उरला एकटा सोपान.

"संपलं सगळं," मल्हारी पुटपुटला.

"गप रे," शेजारचा गडी म्हणाला, "मेलेल्यांनी बोलू नये."

सोपानने माती कपाळाला लावली आणि तो आत शिरला. दम त्याचा बेताचाच. एकाला त्याने शिवले मात्र, तोच त्या गड्याने त्याचा पाय धरला. सोपान कोसळला. चेहरा काळानिळा झाला, पण ओठांवरचे 'हुतूतू' सुटले नाही. गुडघे फोडून घेत तो सरपटला आणि बोटांच्या टोकांनी त्याने मध्यरेषा गाठली.

समोरचा एक मेला की आपला एक उठतो. जो आधी मेला, तो आधी. पंचांनी बोट दाखविले ते मल्हारीकडे.

तेव्हा वस्तादांनी एक नवलच केले. डोक्यावरचा पटका उतरवून ते उभे राहिले आणि त्यांनी सोपानला हात जोडले. लोक हसले. "अहो वस्ताद, चेल्याच्या पाया पडता की काय?"

सामना अखेर थोडक्यात गेलाच. मल्हारीने खाली मान घालून विचारले, "गुरुजी, नमस्कार कशासाठी?"

"यमाच्या हातून माणूस परत आणल्याच्या कथा मी जन्मभर ऐकल्या, पोरा. डोळ्यांनी आज पाहिलं. ज्याला तू मारून टाकलं होतंस, त्याच्या दमावर तू उठलास. आपल्या वाडवडिलांनी या खेळात मरण ठेवलं, पण मेलेल्याला घरी धाडलं नाही, रेषेलगत बसवलं. का? तर आत कोणीतरी त्याच्यासाठी दम धरून आहे. आता सांग, कोणाला काढू?"

मल्हारी मैदानालगतच्या हौदाकडे गेला. सोपान तिथे सोललेले गुडघे धूत बसला होता. वर न बघताच तो म्हणाला, "आलास होय? मला वाटलं, मेलास."

"मेलोच होतो," मल्हारी म्हणाला, आणि ओंजळीने त्याच्या गुडघ्यावर पाणी घालू लागला.

आपल्याही गोतावळ्यात कोणी ना कोणी असे रेषेलगत बसलेले असते. देवाने दिलेला दम त्यांच्यासाठीही आहे.