तिहोमिरनं तासलेल्या खुणा

फार फार वर्षांमागची, दूर स्लाव लोकांच्या बर्फाळ मुलखातली ही गोष्ट. तिथल्या पाइनच्या रानात बारा घरांची एक वस्ती होती. तिला नाव नव्हतं. कुणाचं नाव द्यायचं यावरून इतकी भांडणं झाली, की लोकांनी तो विषयच सोडून दिला होता.

तिथे तिहोमिर नावाचा मध काढणारा राहायचा. रानातल्या साठ झाडांच्या ढोल्यांत त्याच्या मधमाश्या, आणि प्रत्येक झाडावर कुऱ्हाडीनं कोरलेली त्याच्या बापजाद्यांची खूण. दुसऱ्याच्या खुणेच्या झाडातून मध काढला तर हात तोडायचा, असा कायदा. बिनखुणेचं झाड मात्र सगळ्यांचं. तिहोमिरला त्या खुणांचा कोण अभिमान! येता-जाता त्यांवरून बोटं फिरवायचा.

एका वर्षी धान्य कणसातच कुजलं. हिवाळ्यात माणसं झाडाची साल दळून खाऊ लागली. एके सकाळी तिहोमिरला आपल्या झाडाखाली झ्लाता नावाची विधवा दिसली, हात काखेत दाबून उभी.

"काढ ना बाई मध. मी देतोय."

"खूण आहे, दादा. उद्या तुझा कुणी भाऊबंद हात तोडायला आला तर?"

"अगं, पोर मरेल तुझं!"

"हात गेल्यावर त्याला उचलू कशानं?"

तिहोमिरला स्वतःचीच लाज वाटली. आज हिला स्वतः काढून दिला, तरी उद्या दुसरं कुणी असंच खुणेखाली उपाशी उभं राहील. त्यानं कुऱ्हाड उचलली आणि खूण तासून टाकली. मग दुसऱ्या झाडाची, मग तिसऱ्याची. तीन दिवस तो रडत होता आणि तासत होता. साठच्या साठ खुणा गेल्या. असं म्हणतात, की त्या कडाक्याच्या थंडीत माश्या बाहेर आल्या, त्याच्या डोक्याभोवती घुमत राहिल्या, आणि एकही बर्फात पडली नाही. असंही म्हणतात, की जिथे खूण तासली तिथून बर्फ वितळेपर्यंत मध आपोआप पाझरत होता.

बाराही घरं जगली. वसंतात एका वाटसरूनं विचारलं, "कुणाची ही वस्ती?" एरवी भांडणारे सगळे एकदम म्हणाले, "तिहोमिरची." त्यांच्या बोलीत तिहोमिरोवो. तिहोमिर मेला तेव्हा त्याच्या मालकीचं एकही झाड नव्हतं.

तिथे अजूनही मध काढायच्या पहिल्या दिवशी, ज्याचं झाड मधानं सर्वांत भरलेलं असेल तो आपली खूण स्वतः तासतो. मग सगळं गाव त्या झाडाभोवती उभं राहतं, आपापले दोन्ही शाबूत हात वर करून एकमेकांना दाखवतं, आणि तिहोमिरचं नाव घेतं.