वाढणारा खांब

“बाबा, देव दरवर्षी वाढतो, मग आमची विहीर का आटते?”

आबाजी खांबकराच्या प्रश्नात काळजी होतीच, पण तोराही होता. देव त्याच्या घरचा ना.

आजोबांनी काळ्या दलदलीचं पाणी काढायला चर खणला, त्या दिवशी खैराचा एक खांब कातळ लागेपर्यंत ठोकला. माथा जमिनीसपाट. आज तोच खांब आबाजीच्या छातीला लागत होता. दर शिमग्याला आबाजी जमिनीलगत खाच पाडायचा. पुढच्या शिमग्याला खाच बोटभर वर. गावाने शेंदूर फासला. उंची वाढावी म्हणून लोक पोरांना खांबाला टेकवून उभं करू लागले. आबाजीही तसाच टेकून वाढला होता. भरला साडेचार फूट.

पण विहीर माघातच तळ दाखवू लागली होती, आणि वाडीतल्या बाया अर्धा कोस पाणी वाहत होत्या.

दलदलीच्या काठी खोपीत राहणारे येसूबाबा उठले. चरापासून लांब, अजून ओल्या राहिलेल्या जागेतून त्यांनी काळ्या मातीचं ढेकूळ उचललं. कुजल्या पानामुळांचं, लोण्यासारखं मऊ. दगडावर ठेवून त्यात एक काडी दगडाला टेकेपर्यंत खोचली. वर उरलेली मोडून टाकली.

मग ढेकूळ दोन्ही तळव्यांनी दाबलं.

चरातून जातं तसं पाणी वाहून गेलं. ढेकूळ बसलं. काडी बोटभर वर आली.

“शेंदूर आणलायस?” बाबांनी विचारलं.

…

आबाजीने काडी खाली दाबून पाहिली; ती दगडाला टेकलेलीच होती.

“चर बुजवला तर देव वाढायचा थांबेल,” तो म्हणाला. “गाव मला काय म्हणेल?”

बाबांनी कोपऱ्यातलं फावडं त्याच्या हातात दिलं.

आबाजीने चर बुजवला. गावाने त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पावसाळाभर दलदल पाणी पीत राहिली. माघ गेला, फाल्गुन आला, तरी विहिरीत कळशी बुडत होती.

शिमग्याला आबाजी धापा टाकत खोपीवर आला.

“बाबा, खाच जिथल्या तिथे आहे. खांब तसूभरही वाढला नाही.”

…

“मग आता फोड नारळ.”