भिंतीत पुरलेले नाव

एका राज्यात नदी समुद्राजवळ पोचली की तिला अनेक मुखे फुटत, आणि त्या मुखांच्या मधोमध नजर पोचणार नाही एवढे गवताचे रान होते. पावसाळ्यात नदी त्या रानावर चढे. म्हशींचे कळप घेऊन गवळी टेकाडावर जात, जिताडे मासे पिलांसह गवतात शिरत, सारस पक्षी घरटी बांधत. पाणी ओसरले की गाळातून पुन्हा हिरवे पाते वर येई. असे सर्व सुरळीत चालले होते.

तेथला राजा धरणीसेन आणि राणी सुमेधा. त्यांना एकुलता एक पुत्र होता. एका वर्षी भरल्या पुरात तो होडी घेऊन गेला, तो परतला नाही. राजाने मांत्रिक कालकेतूला बोलावले.

"हे पाणी पुन्हा गवतावर चढता कामा नये."

"बांधीन, महाराज. मोबदल्यात जे मागेन ते द्यावे लागेल."

"दिले," राजा म्हणाला.

सूर्य मावळायच्या आत काठाकाठाने काळ्या पाषाणाची भिंत उभी राहिली. कोंडलेली नदी भिंतीआडून बोलली, "राजा, तू माझा पूर अडवलास. तुझ्या राज्यात डोळ्यांनाही पूर येणार नाही."

तसेच झाले. सासरी निघालेल्या मुली कोरड्या डोळ्यांनी उभ्या राहत. चितेपाशी माणसे नुसती तोंड उघडत आणि मिटत. इकडे रान भेगाळले, समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून वर आले आणि जिथे गवत डुलत होते तिथे मिठाचा पांढरा थर चढला. म्हशी आटल्या. गवळ्यांची मुले वाळू लागली.

राणी सुमेधेच्या छातीत पुत्रशोक दगडासारखा बसला होता. एके सकाळी ती अनवाणी रानात गेली. तिथे एक म्हातारा सारस एकटाच उभा होता.

"पक्षिराजा, हा शाप कसा फिटेल?"

सारस म्हणाला, "तिघांना विचारावे लागेल. गवताला विचार, जिवंत आहेस का. माशाला विचार, येशील का. आणि भिंतीला विचार, तुझ्या पोटात काय आहे."

राणीने हातांनी मीठ उकरले. बोटे सोलवटली. खोल, काळ्या मातीत एक मूळ लागले. तिने कान टेकला. "निजलो आहोत," मूळ म्हणाले, "मेलो नाही. पण फार काळ असे निजता येत नाही."

मग ती समुद्राच्या तोंडाशी गेली. जिताड्यांची राणी पाण्यावर आली. तिचे खवले रुप्याच्या ताटासारखे होते.

"माझी पिले गवतात वाढतात," ती म्हणाली. "उघड्या समुद्रात मोठे मासे त्यांना खातात. वाट मोकळी झाली तर मी येईन. पण बाई, त्याच पुरात तुझा मुलगा गेला. पूर आलेला तुला सोसेल?"

राणीने वळून पांढऱ्या पडलेल्या रानाकडे पाहिले. मग म्हणाली, "नाही सोसणार. तरी ये."

शेवटी तिने भिंतीला हात लावला. "तुझ्या पोटात काय आहे?"

"राजाला विचार," भिंत म्हणाली.

राणीने राजाला विचारले. तो तोंड फिरवून बसला. तसाच म्हणाला, "कालकेतूने मोबदल्यात आपल्या दोघांच्या लेकराचे नाव मागितले. ते त्याने भिंतीच्या पायात पुरले. मी ते उच्चारले, तर भिंत कोसळेल."

"म्हणून महालात त्याचे नाव घेऊ देत नव्हतात?"

"ज्या पाण्याने त्याला गिळले, त्याला मी कसे सोडू, सुमेधा?"

"पाण्याने त्याला नेले, महाराज. त्याचे नाव आपण पुरलेत. मला ते परत हवे आहे. आणि गवळ्यांची मुले अजून जिवंत आहेत."

राजा उठला. आधी त्याने दवंडी पिटवली, माणसे आणि गुरे टेकाडावर पोचवली. आभाळ भरून आले होते. सगळे वर गेल्याची खात्री होताच तो टेकाडाच्या कडेला आला आणि खालच्या भिंतीकडे पाहत त्याने हाक मारली, "चित्रभानू!"

पाषाण ओले झाले. राजाने दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा भिंतीतून पाणी झिरपू लागले. तिसऱ्यांदा शब्द अर्धाच फुटला. तेवढा पुरेसा होता. भिंत मिठासारखी विरघळली, नदी रानावर पसरली, आणि टेकाडावरचे सारे लोक, आपापल्या गेलेल्या माणसांसाठी, एकदम रडू लागले.

पाणी ओसरल्यावर राजाने नियम केले: सखल रानात घर बांधू नये, सारसांची पिले उडेपर्यंत तिथे गुरे सोडू नयेत, आणि पावसाआधी प्रत्येक होडी टेकाडाशी बांधावी. कालकेतूला त्याने राज्याबाहेर जाऊ दिले. दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारला नाही.

पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा चढली. राजा आणि राणी टेकाडावर बसले होते. खाली गवताची टोके पाण्यावर हलत होती आणि मधूनच जिताड्याची पाठ चमकत होती.

"भय वाटते?" राजाने विचारले.

"वाटते," राणी म्हणाली, आणि पाणी बघायला थोडी पुढे सरकून बसली.