निजाईचा अर्धा जागर

या, सावलीत या. चढण अंगावर येते खरी, आमच्याही येते, पण देवीनंच घर इथं केलं त्याला कोण काय करणार? जरा दम घ्या आणि मग आत वाकून बघा. मूर्ती उभी नाही, बसलेलीही नाही. डाव्या कुशीवर निजलेली आहे, गालाखाली हात, पाय पोटाशी घेतलेले. या डोंगररांगेत देवळं पुष्कळ, पण अशी निजलेली आई आमच्या खडकेवाडीतच. हिला निजाई म्हणतात. कुणी म्हणतं, धरणीकंपात मूर्ती कलंडली. म्हणेनात का! कलंडणारं माणूस गालाखाली हात घेतं होय?

पूर्वी ती उभी होती, असं सांगतात. एक पाय पुढे टाकलेला, अगदी निघायच्या बेतात. दैत्य मारून झाल्यावर ती डोंगरामागून डोंगर ओलांडत माहेरी चालली होती म्हणे. इथं कातळाला टेकली, तिचा पाय लागला आणि तिथं झरा फुटला. खडकेवाडीत तोवर पाण्याची नुसती बोंब होती. ही गेली की पाणीही जाणार, हे ओळखून गावच्या गोंधळ्यानं संबळ पुढे ओढला आणि तिचीच गोष्ट तिला सांगायला घेतली. स्वतःची गोष्ट कुणाला आवडत नाही? आई थांबली. म्हणाली, दर चैत्री पुनवेला दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत अशीच सांगत जा. मध्ये खंड पडला की मी माझ्या वाटेला लागले. गोंधळ्यानं भंडारा उचलून शब्द दिला.

शब्द एकानं दिला आणि निस्तरला पुढच्या पिढ्यांनी. त्यांतला शेवटचा खेमाजी. त्याला मूलबाळ नव्हतं. घरात तो आणि बायको ठकूबाई, खुंटीवर संबळ. वर्षातली ती एक रात्र जागायची, पण तिच्या धास्तीनं बाकीच्या रात्रीही त्याला धड झोप लागत नसे. एक ओळ निसटली तर? मध्येच ठसका लागला तर? आपल्यापायी गावाचं पाणी गेलं तर? ठकूबाई म्हणायची, “अहो, तुम्ही झोपेतही तोंड हलवता. जरा जिवाला उसंत द्या.” तो म्हणायचा, “आई उभी आहे तोवर मला कसली उसंत?”

आणि एका हिवाळ्यात त्याला असा खोकला जडला, की आवाज बसला तो उठेचना. काढे झाले, शेक झाले, वैद्यानं हात टेकले. तोंडातून नुसता वारा यायचा. पुनव जवळ आली तशी गावाच्या तोंडचं पाणी पळालं. नागोजी पाटलांनी गावोगाव माणसं धाडली, पण चैत्री पुनवेला ज्याला त्याला आपापलं देऊळ. आपल्या गावातल्या गड्यांना विचारलं तर त्यांनी काखा वर केल्या. गोंधळ्याचं काम गोंधळ्यानं करावं, आम्ही कशाला त्या भानगडीत पडू!

तेव्हा ठकूबाईच म्हणाली, “पोरं दिवसभर तुमच्या संबळाभोवती घोटाळत असतात. त्यांना शिकवा की.”

खेमाजी कसाबसा पुटपुटला, “एवढी गोष्ट एवढ्याशा पोरांच्या तोंडी राहील का, ठके?”

“तोंडी कशाला? वाजवायला शिकवा. गोष्ट आईचीच आहे. शब्द नसले म्हणून तिला कळायची राहील थोडीच?”

मोठी पोरं गुरांमागं जायची. उरली दुधाचे दात न पडलेली, शेंबूड पुसायचीही अक्कल नसलेली. खेमाजीनं त्यांना देवळापुढं बसवलं. सुरुवात केली तीही वैतागूनच. हातात येईल ते बडवायचं, एवढंच पोरांना ठाऊक. दैत्य आला की सगळ्यांनी घागरींवर तुटून पडायचं. खेमाजी कानावर हात ठेवायचा आणि बोटानं खूण करायचा, थांबा. दैत्य यायच्या आधी गप्प बसायचं. सगळं गप्प झालं की भीती आपसूक येते. ते पोरांना पटलं. मग एक एक जमत गेलं. मडक्याच्या तोंडावर फुंकर घातली की डोंगरातला वारा, बाभळीच्या वाळक्या शेंगा हलवल्या की पाऊस, करवंट्या आपटल्या की घोडी. एकानं वाजवायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून सांगायचं, आता गोष्टीत काय चाललंय. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. दिवस मावळेपर्यंत खेमाजीच्या अंगात त्राण उरत नसे. घरी येऊन तो भाकरी मोडायचा आणि ती हातातच राहायची.

आईची चाल काही केल्या जमेना. पोरं पाय आपटत, झांजा वाजवत तिला वाजतगाजत आणायची. खेमाजी मान हलवायचा. शेवटी चिडून बसल्या आवाजातच म्हणाला, “अरे, लढून आलीय ती! वरात नाही ही!” तेव्हा कुंभाराची येसू उठली. सगळ्यांत धाकटी. तिनं दोन हातांत वाळकी पळसाची पानं घेतली आणि जमिनीवर ओढली. एकदा लांब, एकदा आखूड. मध्ये जरा थांबली, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. म्हणाली, “आमची आय मडकी विकून बाजारातनं अशीच येती.”

खेमाजीचे डोळे भरून आले. जन्मभर त्यानं आईला शूर म्हटलं, रागीट म्हटलं, मायाळू म्हटलं. ती दमली असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. ती चाल त्यानं येसूलाच दिली. प्रत्येक पोराला असा एक एक तुकडा वाटून दिला. पहाटेचा शेवट मात्र स्वतःकडे ठेवला, कारण तो गोंधळ्यानंच वाजवायचा असतो.

पुनवेला सगळं गाव इथं चढून आलं. दिवा लागला, पोरांनी मडक्यात फुंकर घातली आणि गोष्ट सुरू झाली. म्हणे असा जागर गावानं कधी ऐकला नव्हता. शब्द एकही नाही आणि माणसं दचकत होती, हसत होती, बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. दैत्य पडला. मग येसू पुढं आली. लांब, आखूड. लांब, आखूड. आई डोंगर उतरायला लागली. चाल हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबली. लोकांना वाटलं, आई विसावली असेल. पण पुढचं पान ओढलंच गेलं नाही. येसू पानांवर डोकं ठेवून गाढ झोपली होती. तिच्या पलीकडं शेंगावालं पोर पेंगलेलं, करवंट्यावाली दोघं एकमेकांच्या अंगावर पडलेली. रात्रीचा पहिला प्रहरही सरला नव्हता. किती केलं तरी लेकरंच ती.

खंड पडला होता. पाटील पोरीला हलवायला वाकले, तशी ठकूबाई आडवी आली. “हात लावू नका, पाटील. दमलंय लेकरू.”

खेमाजीनं संबळाच्या काठ्या उचलल्या. उरलेली रात्र त्याला एकट्याला ओढता आली असती, म्हणजे मरत मरत का होईना आली असती. सगळं गाव त्याच्या हातांकडं बघत होतं. त्यानं झोपलेल्या येसूकडं बघितलं, मग गाभाऱ्यात बघितलं. त्या पुढं टाकलेल्या पावलाकडं तो बराच वेळ बघत राहिला. मग काठ्या खाली ठेवल्या, आणि त्या बसलेल्या आवाजात म्हणाला, “आई, जायचं तर जा. किती वर्षं उभी ठेवली तुला. आता तूही दमलीस आणि मीही दमलो.”

आत दगडावर दगड घासल्यासारखा आवाज झाला. निघाली, असं वाटून बायकांनी हंबरडा फोडला. पाटील दिवा घेऊन आत गेले. आई कुठंही गेली नव्हती. पुढचा पाय मागं घेऊन, कुशीला वळून निजली होती, आणि झरा तिच्या पायाशी होता तसाच वाहत होता.

खेमाजी तिथंच आडवा झाला. दुसऱ्या दिवशी उन्हं माथ्यावर आली तरी त्याला कुणी उठवलं नाही म्हणे.

आजही चैत्री पुनवेला इथं जागर लहान पोरंच करतात. आधीचा महिनाभर थोरांनी त्यांना बसवून शिकवायचं, शब्द एकही वापरायचा नाही, हा रिवाज. आणि पहिलं पोर पेंगलं की जे हातात असेल ते आवाज न करता खाली ठेवायचं, पोरं खांद्यावर टाकायची आणि डोंगर उतरायचा. आजवर एकदाही जागर उजाडेपर्यंत पोचलेला नाही. पहाटेचा शेवट वाजवायची पाळी खेमाजीवर पुन्हा आली नाही, आणि तो गेला तो शेवट घेऊनच गेला. पाहुणे हमखास विचारतात, मग पुढं काय झालं, आई माहेरी पोचली का? खरं सांगू? ते आता एका तिलाच ठाऊक, आणि तिला उठवून विचारायला आमच्यात कुणाचा जीव होत नाही.