सातासमुद्रापार पोचलेली जीप

जीपगाड्यांना अजून बोलता येत होतं, त्या काळातली गोष्ट. चार जीपगाड्या नेहमी मिळून आडवाटा तुडवायच्या. तिघींकडे साधे सीबी रेडिओ होते. त्यांचा आवाज टेकडीपलीकडे जेमतेम जाई, पण आपसातल्या गप्पांना तेवढं पुरे.

चौथी तांबडी. तिनं हॅम रेडिओ बसवला. त्यासाठी परीक्षा दिली, परवाना काढला, टपावर ताडासारखी अँटेना उभारली.

"तुमची खेळणी तुम्हालाच लखलाभ," ती म्हणाली. "माझा आवाज सातासमुद्रापार जातो!"

"अगं, पण आम्ही तर इथंच असतो," म्हातारी ढवळी म्हणाली. "तुझं हॅम आमच्या सीबीवर ऐकू येत नाही. आमच्यासाठी एखादं खेळणंही ठेव की."

तांबडीला हसू आवरेना.

एकदा खाडीकाठी तांबडी मागं पडली आणि चिखलात रुतली. भरती सुरू झाली. मैत्रिणी वळणापलीकडेच होत्या, पण हॉर्न वाजवून हाका मारणं म्हणजे अगदीच गावंढळपणा! तिनं ऐटीत रेडिओ लावला.

"कुणी आहे का? मी बुडतेय!"

सातासमुद्रापारहून लगेच उत्तर आलं, "वा! काय खणखणीत आवाज! तिकडे हवा कशी आहे?"

"पाणी बॉनेटपर्यंत आलंय हो!"

"एकेक शब्द स्वच्छ ऐकू येतोय! अभिनंदन! आठवण म्हणून कार्ड पाठवतो. पत्ता सांगा."

तांबडी घाईघाईनं हॉर्न वाजवायला गेली. नुसते बुडबुडे आले.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "खाडी, तळमजला."